अदृश्याचे दप्तर

रुग्णालयातील किरणोत्सर्ग-संरक्षण तंत्रज्ञाच्या व्यवसायावर मराठीत एखादे पुस्तक असावे, अशी मागणी कोणी केली होती असे नाही. आणि ज्या व्यवसायाचे नाव उच्चारताच समोरचा मनुष्य ‘म्हणजे एक्स-रे काढता का?’ असे विचारून विषय मिटवतो, त्याविषयी अशी मागणी होण्याचा संभवही थोडाच. तथापि भौतिकशास्त्राची पदवी पदरी पडलेले, पुढे रेडिओग्राफीचा किंवा वैद्यकीय भौतिकीचा एखादा अभ्यासक्रम पुरा केलेले आणि आखातात नोकरी मिळेल काय म्हणून चौकशी करणारे तरुण-तरुणी सोलापूर, जळगाव, कोल्हापूर अशा गावांहून मजकडे लिहीत असतात. त्यांच्या पत्रांत पगार किती, राहायला खोली मिळते का, कुटुंब आणता येते का, हे सर्व प्रश्न असतात. काम काय, हा प्रश्न मात्र सहसा नसतो. प्रस्तुत पुस्तक त्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ही प्रस्तावना त्या उत्तराच्या बुडाशी असलेल्या एका मताची कैफियत आहे.

ते मत थोडक्यात असे की, शिसे, काँक्रीट आणि मोजयंत्रे यांच्याइतकाच, किंबहुना त्यांहून कांकणभर अधिकच, या व्यवसायाचा भरवसा नोंदवहीवर असतो. रुग्णालयातील इतर संकटे स्वतःहून वर्दी देतात. ऑक्सिजनची नळी गळू लागली तर फुसफुस ऐकू येते, विजेची तार उघडी पडली तर झटका बसतो, फॉर्मालिनची बाटली फुटली तर डोळ्यांतून पाणी वाहते. परंतु ज्या खोलीत किरणोत्सर्गी आयोडिन-131 चा एक थेंब फरशीवर सांडून वाळून गेला आहे त्या खोलीत, आणि शेजारच्या निर्मळ खोलीत, पाचांपैकी एकाही ज्ञानेंद्रियाला अंतर जाणवत नाही, आणि दीर्घकाळ साचत आलेल्या अल्प मात्रेचा परिणाम व्हावयाचाच असेल तर तो इतक्या सावकाशीने होतो की, तोवर काय सांडले, कोणी सांडले आणि केव्हा, हे सांगू शकणारा मनुष्य ती नोकरी सोडून गेलेला असतो. मोजयंत्र त्या क्षणाचा आकडा दाखवते आणि पुढच्या क्षणी दुसरा दाखवू लागते. म्हणून तंत्रज्ञाचा दिवस मोजण्यात जितका जातो तितकाच लिहिण्यात जातो, आणि ज्याला लिहिण्याचा कंटाळा आहे त्याने या वाटेस न जाणे उत्तम.

हे शहाणपण मानवजातीला फार महागात मिळाले. विल्हेल्म रोंटगेन यांनी 1895 च्या नोव्हेंबरात क्ष-किरणांचा शोध लावला आणि पुढच्याच वर्षी युरोप-अमेरिकेतील रुग्णालयांत त्यांचा वापर सुरू झाला; त्या पहिल्या पिढीतील मंडळी नळी नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी स्वतःचाच पंजा पडद्यासमोर धरीत, रोजच्या रोज धरीत, आणि त्यांतील कित्येकांची कातडी आधी लाल झाली, मग चिरली, आणि शेवटी बोटे कापण्याची पाळी आली. एडिसन यांचा साहाय्यक क्लॅरेन्स डॅली 1904 साली याच कारणाने मरण पावला. अशा बळींचे एक स्मारक जर्मनीत हॅम्बर्ग येथे 1936 साली उभारले गेले आणि त्यावरील नामावळी पुढेही वाढत राहिली. त्या काळी मात्रेचे मापही मनुष्याच्या त्वचेवरूनच ठरत असे: कातडी लाल होण्यास जेवढे किरण लागतात तेवढे एक माप, आणि 1925 साली आर्थर मुट्शेलर यांनी सुचवलेली सह्य मर्यादा म्हणजे महिन्याकाठी त्या मापाचा शंभरावा हिस्सा. 1928 साली स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत जी संरक्षण-समिती नेमली गेली, तिचाच विस्तार होऊन आजचा आंतरराष्ट्रीय आयोग झाला. रोल्फ सिव्हर्ट हे स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ त्या परंपरेतले, आणि आज आपण ज्या एककात मात्रा लिहितो ते त्यांच्याच नावाचे. किरणांचा प्रत्येक वापर समर्थनीय असला पाहिजे, मात्रा शक्य तितकी अल्प ठेवली पाहिजे, आणि ठरवून दिलेली मर्यादा ओलांडता कामा नये, ही त्रिसूत्री त्या आयोगाने 1977 साली स्पष्ट शब्दांत मांडली. पहिले सूत्र डॉक्टरांचे, तिसरे कायद्याचे. मधले, ज्यात ‘शक्य तितकी’ हा लवचिक शब्दप्रयोग आहे, ते तंत्रज्ञाच्या वाट्याला येते, आणि त्यावरच सर्वांशी वाद होतात.

आपल्याकडे या विद्येचे माहेर मुंबई. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 साली सुरू झाले. तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात 1962 पासून रुग्णालयीन भौतिकीचा पदविका अभ्यासक्रम चालू आहे, आणि त्यातून बाहेर पडलेल्या माणसांनी देशातील किती कर्करोग रुग्णालयांचे किरणोपचार विभाग उभे केले याचा हिशेब एखाद्या इतिहासकाराने करावयास हरकत नाही. 1983 च्या 15 नोव्हेंबरला अणुऊर्जा नियामक परिषद स्थापन झाली. या संस्थांचा तपशील पुस्तकात यथास्थळी दिला असल्यामुळे येथे त्याचा विस्तार करीत नाही.

मी जेथे काम करतो त्या बहरीनची हकीकत सांगताना मात्र मुंबईवरूनच जावे लागते. आखातातील ब्रिटिश रेसिडेन्सीचा कारभार 1873 पर्यंत मुंबई सरकारच्या अखत्यारीत होता, त्यानंतर तो हिंदुस्थान सरकारकडे गेला. येथील मोत्यांना पेठ मुंबईची होती. आणि 1965 साली बहरीनचा दिनार निघेपर्यंत या बेटावर व्यवहार रुपयांत चालत असे. बहरीनने आपले स्वातंत्र्य जाहीर केले तो दिवसही योगायोगाने 15 ऑगस्टच, वर्ष 1971. मनामाच्या जुन्या बाजारात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून असलेले श्रीनाथजींचे मंदिर आणि त्याच्या आसपासची भाटिया-सिंधी दुकाने पाहिली की, आपण भुलेश्वराच्या एखाद्या गल्लीतच उभे आहोत असा भास काही क्षण होतो, अर्थात उकाडा मध्ये पडेपर्यंत. वैद्यकीय सेवेचा आरंभ येथे अमेरिकन मिशनच्या रुग्णालयाने 1903 च्या सुमारास झाला. 1932 साली तेल सापडले आणि त्यातून आलेल्या पैशावर सरकारी आरोग्यव्यवस्था उभी राहिली. सल्मानियाचे मोठे सरकारी रुग्णालय, आणि मुहर्रक बेटावर 2012 साली सुरू झालेले किंग हमद विद्यापीठ रुग्णालय, ही तिची आजची ठळक रूपे. 2009 या एका वर्षात येथे आरोग्यव्यवसायाचे नियमन करणारे राष्ट्रीय प्राधिकरण निर्माण झाले आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे सभासदत्वही देशाने घेतले. क्षेत्रफळाने अगदी लहान असलेला हा देश. त्यामुळे कोणत्या रुग्णालयात कोणते यंत्र आले आणि ते बसवण्यास कोण आला, ही बातमी या धंद्यातील सर्वांना आठवड्याच्या आत कळलेली असते.

बेट असल्याचा या व्यवसायाशी एक निराळाच संबंध आहे. अणुवैद्यक विभागात हाडांचे, हृदयाचे, मूत्रपिंडाचे स्कॅन ज्या टेक्निशियम-99 एम नावाच्या द्रव्याने केले जातात, त्याचे अर्धायुष्य अवघे सहा तासांचे. म्हणून ते विकत आणून साठवता येत नाही, तर ज्यातून ते निपजते त्या मोलिब्डेनम-99 चा शिसेबंद ‘जनरेटर’ परदेशातील अणुभट्टीच्या कृपेने ठराविक वारी यावा लागतो आणि रोज सकाळी त्यातून लागेल तेवढा अर्क काढून घ्यावा लागतो. मोलिब्डेनमचे अर्धायुष्य सहासष्ट तासांचे. याचा व्यावहारिक अर्थ असा की, कागदपत्रातील एखाद्या चुकीपायी ती पेटी मालवाहू कक्षात एक दिवस अडकून पडली तर तिच्यातील पंचमांशाहून अधिक ऐवज कोणी हात न लावता नाहीसा होतो, आणि शुक्रवार-शनिवारची साप्ताहिक सुट्टी मध्ये आली तर दोन दिवसांत चाळीस टक्के. पेटी हाती आली की तिच्यावरील पिवळ्या चिठ्ठीतला वाहतूक-निर्देशांक वाचावयाचा, एक मीटर अंतरावरून स्वतःच्या यंत्राने तो पडताळावयाचा, पृष्ठभागावरून गाळणकागदाचा तुकडा फिरवून तो मोजणीस लावावयाचा, आणि हे सर्व तारीख, वेळ व सही यांसह उतरवून घेतल्यावरच पेटी हॉट लॅबच्या, म्हणजे किरणोत्सर्गी द्रव्ये हाताळण्याच्या खोलीच्या, आत न्यावयाची. पेटी घेऊन येणारा ड्रायव्हर बहुधा घाईत असतो. त्याला चहा द्यावा, पण पावतीवर सही मोजणी झाल्यावाचून देऊ नये.

या कामाचे एक अंग असे आहे की त्याचे वर्णन वाचून त्याची कल्पना येत नाही, ते पाहावेच लागते; ते म्हणजे शिशाच्या एप्रनची तपासणी. कॅथ लॅबमधील, म्हणजे हृदयाच्या अँजिओग्राफी जेथे होतात त्या खोलीतील, कामकाज दुपारी उशिरा संपले की भिंतीवरच्या आडव्या दांड्यांवरून एप्रन एकेक करून उतरवावेत, क्रमांक वहीत पाहावा, एप्रन टेबलावर सपाट पसरावा आणि पडद्याआड उभे राहून क्ष-किरणांखाली त्यावरून नजर फिरवावी. धड असलेला एप्रन पडद्यावर एकसारखा काळाभोर दिसतो. ज्याला तडा गेला आहे त्यात एक बारीक उजळ रेघ दिसते, आणि ती जवळजवळ नेहमी कमरेच्या आडव्या घडीवर किंवा खांद्याच्या पट्ट्यापाशी असते, कारण तेथेच कोणीतरी घाईत तो दुमडून खुर्चीच्या पाठीवर टाकलेला असतो. बाहेरून कापड नवेकोरे, वर डॉक्टरांचे नाव भरतकामात काढलेले, आणि आत अस्तराखाली शिशाचा पत्रा तळहाताएवढा फाटून खाली घसरलेला, हे दृश्य ज्याने एकदा पाहिले तो पुढे कोणाच्याही चेहऱ्याकडे पाहून एप्रनची खात्री देत नाही. तडा कोठे, किती सेंटिमीटर, वापरात ठेवावा की बाद करावा, हे लिहून वर आद्याक्षरे करावयाची. बाद झालेला एप्रन कचऱ्यात टाकता येत नाही, तो शिसे म्हणून निराळ्या विल्हेवाटीला जातो, त्याचीही नोंद.

येथे एक गैरसमज वाटेत आलाच आहे तर सांगून टाकतो. शिशाचा एप्रन म्हणजे अभेद्य चिलखत, अशी रुग्णालयातील सामान्य समजूत असते, आणि ती कॅथ लॅबमध्ये, जेथे रुग्णाच्या शरीरावरून विखुरलेले क्षीण क्ष-किरण अडवावयाचे असतात, बऱ्याच अंशी खरीही आहे. परंतु आयोडिन-131 चे गॅमा किरण इतके बलवान असतात की अर्ध्या मिलिमीटर शिशाला ते मोजीत नाहीत. अशा रुग्णाच्या खोलीत एप्रन घालून जाणारी परिचारिका त्या ओझ्याने सावकाश हालचाल करते, आत अधिक वेळ थांबते आणि एकूण मात्रा थोडी अधिकच घेऊन बाहेर येते. तेथे उपयोग अंतराचा. एका मीटरवरून दोन मीटरवर सरकले की मात्रा चौथाई होते, आणि त्याला दमडीचा खर्च नाही.

आता बॅजकडे वळू. छातीवर अडकवण्याचा तो लहानसा बिल्ला बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्यात काय चालते हे थोड्यांना ठाऊक असते. आत विशिष्ट स्फटिकांच्या चकत्या असतात, भारतात प्रचलित असलेल्या बॅजमध्ये डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या, अन्यत्र बहुधा लिथियम फ्लोराइडच्या. त्यांवर किरण पडले की काही ऊर्जा स्फटिकाच्या दोषस्थळी अडकून राहते, आणि ठराविक मुदतीनंतर प्रयोगशाळेत त्या तापवल्या की अडकलेली ऊर्जा मंद प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. तो प्रकाश मोजला की मात्रा कळली. परंतु तापवल्याबरोबर स्फटिकातील ती साक्ष पुसली जाते. तोच बॅज पुढच्या खेपेस दुसऱ्याच्या छातीवर जातो. ज्या वस्तूने तीन महिने सर्व काही साठवून ठेवले ती वाचण्याच्या क्रियेतच कोरी होते, आणि मागे उरतो तो अहवालाच्या कागदावरील एक आकडा. या व्यवसायात दप्तराला एवढे महत्त्व का, असे जो विचारतो त्याला मी एवढेच सांगतो.

आणि त्या आकड्यालाही पाय फुटलेले असतात. बॅज कोटासह धोब्याकडे जातो. बॅज मोटारीत डॅशबोर्डवर राहतो, आणि बहरीनच्या जुलैत बंद मोटारीच्या आत जी भट्टी पेटते तीत स्फटिकांनी जपून ठेवलेले थोडेफार आपोआपच निसटून जाते. काही वरिष्ठ डॉक्टर, मर्यादेच्या जवळ गेलो तर काम थांबेल या धास्तीने, बॅज टेबलाच्या खणातच विसरतात, आणि तिमाहीच्या अहवालात त्यांच्या नावापुढे, इतक्या कामानंतरही, निष्कलंक पूज्य येते. हे पूज्य फार फसवे. ज्या हृदयरोगतज्ज्ञाने तिमाहीत शेकडो अँजिओग्राफी केल्या त्याचा आकडा पूज्य, आणि स्वागतकक्षातील मुलीचा त्याहून अधिक, असे दिसले की तंत्रज्ञाने आनंद न मानता वही घेऊन डॉक्टरांच्या खोलीचे दार ठोठवावे. उलटही घडते. एका परिचारिकेचा आकडा एकाएकी चढलेला आला. ती घाबरून रडू लागली, नोकरी जाईल या भीतीने तिने गावी फोनही केला. तिची रीतसर कैफियत घेतली, पाळ्यांचा तक्ता पाहिला, तेव्हा निष्पन्न झाले की ती रजेवर असता तिचा एप्रन बॅजसकट तपासणीच्या खोलीतच, नळीपासून हातभर अंतरावर, टांगलेला राहिला होता. मात्रा एप्रनने घेतली होती, बाईने नव्हे. पाळ्यांचा तक्ता कोणी जपून ठेवला नसता तर तो आकडा तिच्या नावावर कायमचा चिकटला असता.

नियम लिहिणारे ज्या घरांची कल्पना करून नियम लिहितात ती घरे येथे सर्वांना नसतात, हे आयोडिनच्या रुग्णांवरून फार स्पष्ट कळते. थायरॉइडच्या कर्करोगासाठी मोठी मात्रा दिलेल्या रुग्णाला काही दिवस स्वतंत्र खोलीत ठेवून, शरीरातून बाहेर पडणारे किरण ठरलेल्या पातळीखाली आले की घरी सोडतात. सोडताना छापील सूचना देतात: स्वतंत्र खोलीत झोपावे, शक्य तर स्वतंत्र स्वच्छतागृह वापरावे, लहान मुले व गरोदर स्त्रिया यांपासून दूर राहावे. अरबी कुटुंबातील आजीबाईंच्या बाबतीत अडचण एवढीच की नातवंडे मांडीवर येणारच, आणि ‘तीन आठवडे नाही’ हे सुनेला पटवले तरी आजीला पटत नाही. परंतु रुग्ण जेव्हा एखाद्या बांधकाम कंपनीचा कामगार असतो आणि एका खोलीत दुमजली खाटांवर आठ जणांबरोबर राहतो, तेव्हा त्या छापील कागदाचे काय करावे? अशा वेळी तंत्रज्ञाने कॅम्पच्या व्यवस्थापकाला फोन लावावा, कोपऱ्यातली एखादी कोठी किंवा निदान भिंतीकडची खाट मिळते का ते पाहावे, मिळत नसेल तर डॉक्टरांना सांगून मुक्काम दोन दिवस वाढवावा, आणि काय ठरले ते रुग्णाच्या कागदावर लिहावे. सहकाऱ्यांना हा काही स्पर्शजन्य रोग नाही हे त्यांच्याच भाषेत सांगणेही तितकेच आवश्यक. नाहीतर बिचाऱ्याचे ताट वेगळे पडते ते सहा महिने वेगळेच राहते. विमानतळावरील संवेदनशील यंत्रे अशा रुग्णाला बरेच दिवस ओळखतात, म्हणून त्याला एक पत्रही द्यावे लागते, द्रव्य, तारीख आणि रुग्णालयाचा फोन क्रमांक लिहिलेले. ते नसले तर सुट्टीवर गावी निघालेला मनुष्य भलत्याच चौकशीत अडकतो.

गर्भवती कर्मचाऱ्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. नियम सरळ आहे: तिने कळवले की उरलेल्या काळात गर्भाला एक मिलिसिव्हर्टहून अधिक मात्रा मिळू नये अशा रीतीने काम बदलून द्यावयाचे. पण कळवावयाचे तिने, आणि कंत्राटावर आलेली परदेशी बाई, नूतनीकरण तोंडावर असताना, ते सहजी कळवीत नाही. तंत्रज्ञाच्या दाराशी येऊन कोणी हलक्या आवाजात ‘सर, त्या खोलीत माझी पाळी कोणाला देता येईल का?’ असे विचारले, तर कारण न विचारता तक्ता बदलण्याइतकी समज त्याला असावी, आणि अधिकृत अर्ज केल्याने तिचे काय हित आहे हे दुसऱ्या दिवशी शांतपणे सांगण्याइतका धीरही. केरळच्या परिचारिका, फिलिपाइन्सचे तंत्रज्ञ, बांगलादेशी सफाईकामगार आणि बहरीनी डॉक्टर या सर्वांचा ज्याच्यावर भरवसा बसत नाही त्याची नोंदवही अपुरीच राहते, कारण तीत काय लिहावयाचे हे निम्मे त्यांच्या तोंडूनच कळते.

नोंद सुटली म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे या व्यवसायातील प्रत्येकाला पाठ असतात. ब्राझीलमधील गोयानिया शहरात एक खाजगी किरणोपचार संस्था दुसऱ्या जागी गेली आणि सीझियम-137 चे एक यंत्र, परवाना देणाऱ्या खात्याला न कळवता, जुन्या ओसाड इमारतीत तसेच सोडून गेली. 1987 च्या सप्टेंबरात दोघांनी ते भंगार म्हणून फोडले. आतील चूर्ण अंधारात निळसर चमकते हे पाहून ते भंगारवाल्याच्या घरी आप्तेष्टांत वाटले गेले, अंगाला फासले गेले. चौघे मरण पावले, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली आणि 249 जण दूषित आढळले. दुसरे उदाहरण आपल्याच देशातले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील, वर्षानुवर्षे वापरात नसलेले कोबाल्ट-60 चे यंत्र 2010 च्या आरंभी लिलावात गेले आणि मार्चमध्ये मायापुरीच्या भंगार बाजारात उघडले गेले. तेथील एक कामगार दगावला, अनेकांना इजा झाली. दोन्ही ठिकाणी यंत्र निकोप होते, शिसे जागच्या जागी होते, भौतिकशास्त्राचा एकही नियम मोडला नव्हता. यंत्र तेवढे दप्तरातून गळाले होते: ज्यांना ते काय आहे हे ठाऊक होते ते निवृत्त झाले किंवा निघून गेले, आणि मागे राहिलेल्यांच्या लेखी ती एक जड लोखंडी पेटी होती. म्हणून दरसाल साठ्याची प्रत्यक्ष मोजणी करताना वहीत आहे ते कपाटात आहे काय, एवढे पाहून थांबू नये. कपाटात आहे ते वहीत आहे काय, हेही पाहावे.

आता ज्या मुद्द्यासाठी ही प्रस्तावना इतकी लांबवली त्याकडे येतो. आंतरराष्ट्रीय दंडकानुसार किरणोत्सर्गात काम करणाऱ्याची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने दरसाल 20 मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षी 50. भारतात पाच वर्षांचे 100 तेच ठेवून एका वर्षाचे 30 केले आहे. रुग्णालयातील बहुतेक कर्मचारी याच्या फार खाली असतात, कित्येकांचा वर्षाचा आकडा एकाच्याही आत राहतो, हे नवख्यांनी घाबरू नये म्हणून सांगितलेच पाहिजे. परंतु मर्यादाच जर पाच वर्षांच्या बेरजेवर ठरते, तर जो मनुष्य दोन वर्षे पुण्यात, दीड वर्ष मस्कतला आणि पुढे मनामात काम करतो, त्याची बेरीज कोणी करावयाची? आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची मानके म्हणतात की कामगाराचा मात्रालेख तो 75 वर्षांचा होईपर्यंत, आणि काम सोडल्यापासून निदान 30 वर्षे, जतन करावा, आणि कामगाराला स्वतःचा लेख पाहता यावा. भारतात तुर्भ्याच्या केंद्रात राष्ट्रीय मात्रानोंदणी आहे आणि प्रत्येक कामगाराला तेथे आयुष्यभराचा एक क्रमांक असतो. ही व्यवस्था उत्तम आहे, पण तिचे राज्य देशाच्या हद्दीपर्यंत. पुढे सगळा कारभार मालकाच्या फायलीत, आणि मालक बदलला, रुग्णालय विकले गेले, सेवा पुरवणाऱ्या प्रयोगशाळेचे कंत्राट दुसऱ्याकडे गेले की ती फाइल कोणत्या गोदामात पडली हे सांगणे कठीण होते.

आखातात येणारा मराठी मनुष्य कागदांच्या बाबतीत निष्काळजी असतो असे मुळीच नाही. पदवीच्या प्रती, त्यांची मूळ संस्थेकडून झालेली पडताळणी, अनुभवाचे दाखले, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी, हे सर्व तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर यादी चिकटवून आणतो, आणि येथे आल्यावर सीपीआर कार्डाची, म्हणजे बहरीनच्या ओळखपत्राची, झेरॉक्स खिशात बाळगतो. पण मात्रेचा दाखला मागितला की तो गोंधळतो. तो कागद आपल्या मालकीचा आहे, ही कल्पनाच त्याला कोणी दिलेली नसते. गावाकडे गुंठाभर जमिनीचा सातबारा जो दरवर्षी काढून पाहतो, आणि त्यावर आपले नाव चुकले तर तलाठ्याच्या कचेरीत दहा खेपा घालतो, त्याने आपल्या देहावर चढलेल्या बोज्याचा उतारा मात्र मागितलेला नसतो. जुन्या मालकाकडे तो मागण्यात काही जण संकोचतात, मागितला तर संशय घेतील असे त्यांना वाटते. आणि काही ठिकाणी खरोखरच घेतात, हेही लपवण्यात अर्थ नाही. एका रुग्णालयातील मनुष्यबळ विभागाने मला स्वच्छ सांगितले होते की असा कागद ‘कंपनीची गोपनीय बाब’ आहे. त्यांचे म्हणणे लेखी मागितले तेव्हा मात्र कागद मिळाला. अर्जाचा नमुना परिशिष्टात दिला आहे. तो इंग्रजीत आहे, कारण तो ज्यांनी वाचावयाचा ते मराठी वाचत नाहीत.

पुस्तकाच्या रचनेविषयी दोन शब्द. पहिल्या भागात किरणोत्सर्गाचे मूलतत्त्व शक्य तितक्या थोड्या गणितात सांगितले आहे. ज्यांना तेवढेही नको त्यांनी सरळ दुसऱ्या भागापासून आरंभ केला तरी फारसे बिघडत नाही. दुसऱ्यात एक्स-रे, सीटी, कॅथ लॅब, अणुवैद्यक आणि किरणोपचार या विभागांतील दैनंदिन कामे आहेत. किरणोपचाराचे प्रकरण तुलनेने लहान आहे, कारण तेथे भिंती दोन-दोन मीटर जाडीच्या, दरवाजाला इंटरलॉक, आणि शेवटच्या बाहेर पडणाऱ्याने बटण दाबल्याखेरीज यंत्र सुरूच होत नाही. ज्या विभागात धोका सर्वांत मोठा तेथे तंत्रज्ञाला काम सर्वांत थोडे, अशी ती गंमत आहे. तिसरा भाग सर्वस्वी नोंदींचा: कोणती वही, कोणते रकाने, कोणती किती वर्षे ठेवावी. प्रकाशकांनी तो भाग निम्म्याने कमी करावा असे सुचवले होते. मी केला नाही.

परिभाषेत मी रुग्णालयात प्रत्यक्ष बोलले जाणारे शब्दच ठेवले आहेत. बॅज, एप्रन, हॉट लॅब, सर्व्हे मीटर यांना संस्कृत पर्याय घडवता आले असते, पण ते वाचून कोणी कामाला लागले असते असे वाटत नाही. आकड्यांबाबत एक सूचना अवश्य द्यावयाची आहे. ज्यांच्याकडे वडिलांचे, काकांचे किंवा स्वतःचेच जुने मात्रालेख असतील त्यांना त्यांत मिलिसिव्हर्टऐवजी मिलिरेम हे एकक आढळेल. शंभर मिलिरेम म्हणजे एक मिलिसिव्हर्ट. सबब जुना आकडा शंभराने भागून मगच नव्या बेरजेत धरावा, आणि भागाकार केल्याची तारीख व आपली सही त्याच कागदाच्या समासात करून ठेवावी.